कोकणात सुरमईच्या ट्रोलिंगसाठी रील: निवडण्यापासून बोटीवर लावेपर्यंत

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस ओसरला, पाणी जरा निवळायला लागलं की दरवर्षी ओळखीतली चार मंडळी तरी विचारतात की ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या बोटीमागे ल्यूर (खोटं आमिष) ओढत मासे धरायला, रील कुठलं घेऊ. बऱ्याच जणांनी विचारायच्या आधीच घेऊन टाकलेलं असतं, एकतर खाडीत वापरतात ते छोटं स्पिनिंग, नाहीतर व्हिडिओत मार्लिन ओढताना बघितलेलं ते भलंमोठं सोनेरी रील. पहिलं कमी पडतं, दुसरं उगाच जड होतं आणि पैसे जातात ते वेगळेच. म्हणून आपल्याकडच्या पाण्याचा आणि आपल्याकडच्या माशांचा विचार करून सगळं एकदा क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मासा बोटीत येतो तो ड्रॅग, म्हणजे ताण आला की लाईन सुटू देणारा रीलमधला ब्रेक, एकसारखा, न अडकता सुटतो म्हणून आणि लाईन घट्ट भरलेली असते म्हणून. ही दोन्ही कामं समुद्रावर होत नाहीत, आदल्या दिवशी घरी करायची असतात. नवीन माणूस सगळा वेळ रील निवडण्यात घालवतो आणि ही कामं बोटीवर उरकायला बघतो, तिथे गडबड होते.

१. आधी मासा, पाणी आणि बोट ठरवा

आपल्या किनाऱ्यावर ट्रोलिंगचा मुख्य मासा म्हणजे सुरमई, मालवण-गोव्याकडे इसवण म्हणतात ती. तिच्या जोडीला कुपा, टोणकी, कधीमधी मोडसा. बहुतेक मासे दोन किलोपासून दहा-बारा किलोपर्यंतचे, क्वचित त्याच्याही वर. सुरमई पहिल्या धावेत सुसाट पळते, कुपा खोल जाऊन हट्टाने गोल गोल फिरत राहतो, मोडसा दमला असं वाटतं आणि बोटीजवळ आल्यावर परत उसळी मारतो. म्हणजे आपल्याला पाहिजे काय, तर भरपूर लाईन मावणारं आणि ड्रॅग एकसारखा देणारं मध्यम रील. शंभर किलोचा मासा ओढायची ताकद इथे लागत नाही.

पाण्याचं म्हणाल तर पावसानंतर किनाऱ्यालगत पाणी गढूळ असतं आणि सुरमई डोळ्याने शिकार करणारा मासा आहे, त्यामुळे हिरवं-निळं पाणी लागेपर्यंत बाहेर जावं लागतं. किती वावात म्हणजे किती खोल पाण्यात जायचं, कुठल्या खडपाच्या कडेने फिरायचं हे तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) विचारा, ते कुठलं ॲप सांगणार नाही. आंग्रिया बँकचं नाव ऐकून पहिल्याच वर्षी तिकडे जायचे बेत करू नका, ते किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून लांब आहे, छोट्या फायबर बोटीचं ते काम नाही.

बोट कुठली तेही बघा. आउटबोर्डची छोटी होडी असेल तर रॉड होल्डर किती, कुठे बसवलेत, उभं राहायला जागा किती, यावर दोन रॉड न्यायचे की चार हे ठरतं. नवीन असाल तर दोनच न्या.

२. मल्टिप्लायर की स्पिनिंग

ट्रोलिंगसाठी मल्टिप्लायर, म्हणजे रॉडच्या वर बसणारं ड्रमवालं रील. त्यात लाईन सरळ ड्रमवरून सुटते आणि सरळ ड्रमवर येते, वाटेत कुठे वळत नाही. स्पिनिंग रीलमध्ये लाईन रोलरवरून काटकोनात वळते, आणि मासा लाईन नेत असताना तुम्ही हँडल फिरवत राहिलात की दर फेऱ्याला लाईनला पीळ बसतो. तासन्तास होल्डरमध्ये ल्यूर ओढत ठेवायलाही स्पिनिंग अवघड जातं.

तरी तुमच्याकडे आधीच चांगलं ८००० ते १४००० साईजचं स्पिनिंग असेल तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांना तेच घेऊन जा, लगेच खर्च करू नका. सुरमई त्यावर येते. फक्त मासा लाईन नेत असताना हँडलला हात लावायचा नाही.

लेव्हलवाइंड, म्हणजे लाईन आपोआप पसरवणारा सरकता तुकडा असलेली रील पण मिळतात. माझं मत विचाराल तर हलक्या कामाला ठीक, पण खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी बिघडणारा भाग तोच असतो. अंगठ्याने लाईन पसरवायची सवय लावून घ्या, फार काही अवघड नाही.

३. लिव्हर ड्रॅग की स्टार ड्रॅग

स्टार ड्रॅगमध्ये हँडलच्या मागे चांदणीसारखं चाक असतं, ते फिरवलं की ड्रॅग कमी-जास्त. स्वस्त, दणकट, दुरुस्तीला सोपं. पण आत्ता ड्रॅग किती आहे हे बघून कळत नाही, आणि मासा लागल्यावर घाबरून चाक फिरवलं की परत मूळ जागी आणायला खूण नसते.

लिव्हर ड्रॅगमध्ये बाजूला दांडी असते. मागे पूर्ण 'फ्री', मध्ये खटका बसतो ती जागा 'स्ट्राइक', आणि बटण दाबून पुढे नेलं की 'फुल'. एकदा घरी वजनकाट्याने मोजून ठेवलं की समुद्रावर दांडी कुठे आहे एवढंच बघायचं. नवीन माणसाला मी हेच सांगतो, थोडे जास्त पैसे गेले तरी लिव्हर ड्रॅगच घ्या. हात थरथरत असताना डोळ्याने दिसणारी खूण लागते.

टू-स्पीडचा मोह पहिल्या रीलला नको. त्याचा उपयोग जड मासा खाली बसला की हलका गिअर टाकायला होतो, सुरमईला ती वेळ फारशी येत नाही. त्याच पैशात सिंगल स्पीड रील आणि वर एक चांगला रॉड येईल.

४. साईज: २०, ३०, ५० म्हणजे काय

मोठ्या ट्रोलिंग रीलवरचा आकडा साधारण कुठल्या क्लासच्या लाईनसाठी ते बनवलंय हे सांगतो. ३० म्हणजे ३० पौंडी लाईन, आंतरराष्ट्रीय वर्गवारीत १५ किलोचा क्लास. ५० म्हणजे २४ किलो, ८० म्हणजे ३७ किलो, १३० म्हणजे ६० किलो. पण प्रत्येक कंपनीचा आकडा सारखा धरू नका, डबीवर किती पौंडाची किती मीटर लाईन मावते हे लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

कोकणातल्या सुरमईसाठी २० ते ३० च्या मधलं लिव्हर ड्रॅग रील बरोबर बसतं. शिमानोचं टीएलडी २० किंवा २५, पेनचं स्क्वाल लिव्हर ड्रॅग ३०, अशा जातीची. ग्रॅफाइट बॉडीची आहेत म्हणून हलकी आहेत, दिवसभर हातात घेता येतात. ५० घेऊ नका. मासा पाच किलोचा आणि हातात एवढं वजन, मजा तर जातेच, शिवाय जड ड्रॅगमुळे ट्रिपल गरी तोंड फाडून निघते.

अंदमानला किंवा परदेशात मोठ्या ट्यूनासाठी जाणार असाल तर हिशेब वेगळा, तिथे ५० लागेल. पण अशा ट्रिपला बहुतेक वेळा बोटवाल्याचंच सामान असतं, आधी विचारून घ्या.

५. दुकानात हातात घेऊन काय बघायचं

डबीवर 'मॅक्स ड्रॅग' किती किलो हे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, सगळे तेच बघतात. आपल्याला चार-पाच किलोच्या वर जायचंच नाही, त्यामुळे वीस किलोचा आकडा बघून काही उपयोग नाही. बघायचं ते हे:

लिव्हर अर्धी पुढे करा आणि ड्रम हाताने हळू फिरवा. सुरुवातीला अडकून मग झटक्यात सुटतो का? झटका बसत असेल तर ते रील ठेवून द्या. सुरमई लागल्याबरोबर ताशी कितीतरी वेगाने पळते, त्या पहिल्या झटक्यालाच लाईन तुटते.

लिव्हर पूर्ण फ्रीवर घेऊन ड्रमला टिचकी मारा. बराच वेळ आवाज न करता फिरत राहिला पाहिजे.

हँडल धरून वर-खाली, बाजूला हलवा. खुळखुळ नको. क्लिकर (लाईन सुटायला लागली की वाजणारा भाग) चालू करून ऐका, आवाज खणखणीत पाहिजे कारण इंजिनच्या आवाजात तोच ऐकू यायचाय. रीलच्या मांडणीत (चौकटीत) वरच्या बाजूला हार्नेस म्हणजे अंगावरचे पट्टे अडकवायला कड्या आहेत का, खाली रॉडला बांधायचा क्लॅम्प बरोबर दिलाय का, तेही बघा.

सुटे भाग मिळतात का हे विचारा. ड्रॅग वॉशर, हँडलचा स्क्रू, क्लिकरची स्प्रिंग, या तीन गोष्टी कधी ना कधी लागतात. ऑनलाईन निम्म्या किमतीत नामांकित कंपनीचं रील दिसलं तर लांबच राहा, नकली माल खूप आहे, आणि नकली रीलचा ड्रॅग घरी बसून कितीही सेट केला तरी समुद्रावर गरम झाला की बदलतो.

६. काय काय जमवायचं

रील आणि त्याच क्लासचा रॉड, साडेपाच ते सहा फुटी, बुडाला क्रॉस खाच असलेला म्हणजे होल्डरमध्ये आणि पोटाच्या पट्ट्यात फिरत नाही. ३० किंवा ४० पौंडी तंगूस (एकेरी नायलॉनची लाईन), चांगल्या कंपनीचं. मासे तोलायचा स्प्रिंग काटा किंवा डिजिटल काटा, दहा किलोपर्यंतचा. बॉल बेअरिंग स्विव्हल (लाईनला पीळ न पडू देणारी फिरती कडी) आणि मजबूत स्नॅप. लीडरसाठी, म्हणजे ल्यूरच्या आधीच्या जाड तुकड्यासाठी, ६० ते ८० पौंडी तंगूस. सिंगल स्ट्रँड स्टीलची वायर, सात-आठ नंबरची, शक्यतो तपकिरी. नोकदार पक्कड आणि वायर कापायची कटर. जाड हातमोजे. पक्का काळा मार्कर. सुती फडकं. प्रत्येक रॉडसाठी बोटीला बांधायची दोरी. ल्यूर: दोन खोल जाणारे ओठवाले, रापालाच्या मॅग्नम जातीचे, आणि एक-दोन स्कर्ट (झालर असलेले ल्यूर).

कागदपत्रं आणि सुरक्षेचं: सगळ्यांची ओळखपत्रं जवळ पाहिजेत, समुद्रात कोस्ट गार्ड किंवा सागरी पोलीस अडवून विचारतात. बोट नोंदणीकृत आहे का आणि माणसं न्यायची परवानगी आहे का हे नाखव्याला आधी विचारा. प्रत्येकाला लाईफ जॅकेट. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. कोस्ट गार्डचा नंबर १५५४ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्या काळात कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका. मालवणला जाणार असाल तर तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडचा परिसर त्यात येतो, तिथे ल्यूर ओढत फिरायचं नाही. आणि तेल विहिरींच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरच्या आत जायला बंदी आहे, मासे तिथे कितीही असले तरी.

७. लाईन भरणं

पहिल्या सीझनला पूर्ण तंगूस भरा, ब्रेड (विणलेली लाईन) नको, असं मी ठामपणे सांगेन. तंगूस ताणलं जातं. बोट पाच नॉटने पुढे चाललीय, मासा उलट दिशेने दणका देतो, तो दणका लाईनच्या ताणात जिरतो. ब्रेड जवळपास ताणली जातच नाही, सगळा झटका गरीवर आणि माशाच्या तोंडावर. नंतर कधी ब्रेड भरायची झाली तर खाली ब्रेड आणि वर पन्नास ते शंभर मीटर तंगूस, एफजी गाठीने जोडून.

भरायची पद्धत: रील रॉडवर घट्ट बसवा, लाईन रॉडच्या सगळ्या रिंगांमधून आत आणा, ड्रमच्या वरच्या बाजूने गुंडाळली जाईल अशी आर्बर गाठ मारा. ब्रेड असेल तर थेट गुळगुळीत ड्रमवर बांधू नका, सगळी ब्रेड ड्रमभोवती घसरत फिरते आणि मासा लागला की ड्रॅग संपल्यासारखं वाटतं. खाली थोडं तंगूस गुंडाळा किंवा ड्रमला टेपचा एक वेढा द्या.

समोर दुसरा माणूस लाईनचं नवीन बंडल पेन्सिल किंवा सळीवर घालून धरेल, बंडल चाकासारखं फिरलं पाहिजे. बंडल जमिनीवर आडवं टाकून वरून लाईन ओढली तर प्रत्येक वेढ्याला पीळ पडतो आणि तो पीळ शेवटपर्यंत जात नाही. तुम्ही ओल्या फडक्यातून लाईन चिमटीत धरायची आणि रॉडला बऱ्यापैकी बाक येईल एवढ्या ताणाने गुंडाळायची. कोरड्या बोटाने धराल तर कातडी कापते, आणि फडकं सुकलं की लाईन तापते, म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवा. अंगठ्याने डावी-उजवीकडे सारखी पसरवत जा, मध्ये टेकाड होऊ देऊ नका. सैल भरलेल्या लाईनवर जोरात ताण आला की वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो, मग मासा पळत असताना लाईन अडकते आणि तिथेच तुटते. ब्रेडला हा त्रास जास्त.

कडेपासून तीन-चार मिलिमीटर खाली थांबा. तोंडोतोंड भरलं तर एका बाजूला लाईन जमली की मांडणीला घासते.

शेवटी मार्करने खुणा करा, ल्यूरपासून २५ मीटरवर एक पट्टा, ४५ मीटरवर दोन पट्टे. बोटीवर ल्यूर किती मागे सोडलाय हे अंदाजाने सांगत बसायला नको.

८. ड्रॅग सेट करणं, घाई न करता

नियम सोपा आहे. स्ट्राइकला ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. ३० पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो, त्यामुळे साडेतीन ते साडेचार किलो. ट्रिपल गरीच्या ल्यूरला साडेतीनच ठेवा.

कसं करायचं: रॉड होल्डरमध्ये किंवा दुसऱ्या माणसाच्या हातात, मासा लढवताना असतो तसा तिरका. लाईन रिंगांमधून काढून टोकाला काटा बांधा. लिव्हर स्ट्राइकला आणा. आता काटा धरून हळू, एकसारखं मागे चालत जा, लाईन सुटायला लागली की आकडा वाचा. रीलपाशी हाताने लाईन ओढून मोजू नका, रॉडच्या बाकामुळे आणि रिंगांच्या घर्षणामुळे टोकाशी आकडा जास्त येतो, आणि माशाला जाणवतो तो टोकाशीच.

आकडा कमी-जास्त करायचा असेल तर लिव्हर परत पूर्ण फ्रीवर न्या, मगच प्रीसेटचा नॉब (ड्रॅगची मूळ पातळी ठरवणारं बटण) थोडा फिरवा, मग परत स्ट्राइकला आणून मोजा. लिव्हर पुढे असताना नॉब फिरवायचा नाही, आतले भाग खराब होतात. सेट झाल्यावर फ्रीवर आणून ड्रम मोकळा फिरतो का तेही बघा. फिरत नसेल तर प्रीसेट जास्त झालाय.

मग लिव्हर कुठे आणली की दोन किलो येतात तेही मोजून ठेवा आणि बाजूला मार्करने बारीक टिंब काढा. ल्यूर ओढताना लिव्हर त्या टिंबावर असेल.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जुन्या लोकांनाही कोणी सांगितलेली नसते. मासा लाईन नेत गेला की ड्रमवरचा लाईनचा घेर कमी होतो आणि लिव्हर न हलवता ड्रॅग वाढत जातो. घेर निम्मा झाला की ओढ दुप्पट. शिवाय पाण्यात पसरलेल्या लांब लाईनचं स्वतःचं घर्षण त्यात भर घालतं. म्हणजे घरी चार किलोला सेट केलेलं रील, दोनशे मीटर लाईन गेल्यावर चार किलोचं राहत नाही. त्यामुळे मासा लांब गेला म्हणून घाबरून लिव्हर पुढे ढकलायची नाही, उलट किंचित मागे घ्यायची. सगळ्यात जास्त सुरमया इथेच जातात.

९. टोकाचं काम: लीडर आणि वायर

सुरमईचे दात कात्रीसारखे आहेत, नुसतं तंगूस कितीही जाड असो, साफ कापून जाते. मुख्य लाईनच्या टोकाला दुहेरी लाईन करून, बिमिनी गाठ जमत असेल तर बिमिनी, नाहीतर स्पायडर हिच गाठ, त्याला बॉल बेअरिंग स्विव्हल. स्विव्हलपुढे दीड-दोन मीटर ८० पौंडी लीडर, आणि शेवटी वीतभर-दीड वीत वायर, हेवायर पिळाने वळलेली. वायर लांब ठेवू नका, ल्यूरची चाल मरते. पीळ पूर्ण झाल्यावर उरलेलं टोक पक्कडीने कापू नका, मागे-पुढे वाकवून मोडा, म्हणजे धारदार कोंब राहत नाही आणि हात फाटत नाही.

प्रत्येक गाठ ओढायच्या आधी थुंकी किंवा पाणी लावा. कोरडी गाठ ओढली की तंगूस घासून पांढरं पडतं, ती गाठ कापून परत मारा.

गुंडाळताना स्विव्हल रॉडच्या टोकाच्या रिंगेत घुसेपर्यंत ओढायचं नाही. आतली सिरॅमिक कडी तडकते आणि दिसत नाही, पुढच्या माशाला लाईन तिथे कापली जाते. संशय आला की कानकाडीवरचा कापूस रिंगेतून फिरवा, धागे अडकले तर तडा आहे.

१०. बोटीवर

ओठवाल्या ल्यूरला चार ते सहा नॉट, स्कर्टला सहा ते आठ. ल्यूर पाण्यावर उड्या मारायला लागला की वेग जास्त झालाय. रॉडचं टोक सारखं थरथरत असलं पाहिजे, थरथर थांबली म्हणजे प्लॅस्टिक किंवा शेवाळ अडकलंय, गुंडाळून बघा.

सोडताना बोट हळू चालवायची, अंगठा ड्रमवर हलका टेकवून लिव्हर फ्रीवर न्यायची आणि लाईन जाऊ द्यायची. अंगठा काढला की ड्रम लाईनपेक्षा जोरात फिरतो आणि असा गुंता होतो की निम्मी सकाळ सोडवण्यात जाते. एक रॉड २५ मीटरच्या खुणेवर, दुसरा ४५ वर, म्हणजे एकमेकांत अडकत नाहीत. मग लिव्हर टिंबावर, क्लिकर चालू, रॉड दोरीने बोटीला बांधलेला. तांडेलाला सांगून ठेवा की वळण मोठं घ्या.

मासा लागला की क्लिकर किंचाळतो. कोणीही रॉडवर झडप घालू नका. बोट आणखी काही क्षण तशीच चालू द्या, गरी रुतते. मग लिव्हर स्ट्राइकला, दुसरा रॉड गुंडाळून घ्या, बोट मंद करा पण पूर्ण थांबवू नका, लाईन सैल पडली की ट्रिपल गरी निघून जाते. पळतोय तोपर्यंत गुंडाळायचं नाही. थांबला की रॉड उचला, खाली आणताना गुंडाळा. आणि काही झालं तरी मासा पळत असताना लिव्हर एकदम फ्रीवर न्यायची नाही.

बोटीजवळ आल्यावर लीडर धरणाऱ्याने हातमोजे घातलेले पाहिजेत आणि वायर हाताला गुंडाळायची नाही. गॅफ (मासा उचलायची हुकवाली काठी) एकाच माणसाकडे. सुरमई आत आल्यावर तोंडाजवळ हात न्यायचा नाही, गरी पक्कडीनेच काढा. लहान असेल तर सोडून द्या.

११. घरी आल्यावर

त्याच दिवशी धुवा, उद्यावर टाकू नका. लिव्हर स्ट्राइकला आणून ड्रॅग घट्ट करा म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही, मग गोड्या पाण्याचा हलका फवारा. नळीचा जोराचा मारा केला तर मीठ बाहेर यायच्या ऐवजी बेअरिंगमध्ये जातं. बादलीत बुडवू नका. फडक्याने पुसून सावलीत वाळवा, वाळलं की लिव्हर पूर्ण फ्रीवर. स्ट्राइकला ठेवून कपाटात टाकलेल्या रीलचे वॉशर दबून बसतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देतो.

लाईनचे पहिले दहा मीटर बोटांतून फिरवा, खरखरीत लागले तर तेवढे कापून टाका. हँडलच्या मुठीला आणि क्लिकरला थेंबभर रील ऑइल. ड्रॅगमध्ये मात्र ऑइल कधीच नाही, आणि ग्रीस कंपनीने सांगितलेलंच, सांगितलं असेल तरच. जूनमध्ये बंदी लागली की रील उघडून साफ करून घ्या किंवा जाणकाराकडे द्या, तंगूस काढून टाका आणि ऑगस्टमध्ये नवीन भरा. भरल्यावर ड्रॅग परत काट्यावर मोजा, गेल्या वर्षीच्या टिंबावर भरवसा ठेवू नका.